मेंडकीचं लहान चाक

आंबागड, ता. तुमसर
१२ जानेवारी २०२४

प्रिय रत्ना,
सप्रेम जयभीम.

फोन सोडून कागद काढला म्हणून घाबरू नकोस. गेल्या रविवारी फोनवर तू तीनदा "काय म्हणालास भाऊ?" विचारलंस आणि चौथ्यांदा "हो हो" म्हणून ठेवून दिलास. तुझं ते "हो हो" मी ओळखतो. शाळेत गणित समजलं नाही की तू असंच म्हणायचीस.

तर ऐक. माझा स गेला आहे. हसू नकोस. धम्मचक्र दिनाच्या सभेत माईकपुढे उभा राहिलो, "साथींनो" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं "आथींनो". पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली. मला वाटलं, घसा बसला असेल. मग समता म्हटलं, ती अमता झाली. संघर्ष म्हटला, तो अंघर्ष झाला. चाळीस वर्षं ज्या शब्दांसाठी मी गावोगाव घसा फोडला, ते सगळे एका स वर उभे होते हे मला आता कळतं आहे. तो पाय निखळला आणि अख्खा मांडव खाली आला.

उजवा हातही रुसला आहे. सदऱ्याची गुंडी लावायला मला चहा थंड होईपर्यंत वेळ लागतो. प्रतिक्षा म्हणते, "बाबा, मी लावून देतो." मी लावू देत नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या नातीनं मेंडकीबद्दल विचारलं म्हणालीस. तिला असं सांग. खाणीच्या मॅनेजरकडे एक विलायती गाडी होती, दोन माणसांची, बिनछपराची. तिचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून सगळा तालुका तिला मेंडकी म्हणायचा. तिचा पणजा, म्हणजे आपले बाबा चिंधू, ती गाडी रोज सकाळी बंगल्याच्या पोर्चमध्ये धुवायचे. टायर, दारं, काच, गादी, सगळं. फक्त स्टेअरिंगच्या चाकावर मॅनेजर पांढरी खोळ घालून ठेवायचा. "बाकी सब पोंछ, चक्का मैं देखूँगा." खाणीत दुसऱ्या कोणाला असा नियम नव्हता. तो नियम कशासाठी होता हे तिला आत्ताच सांगू नकोस. मोठी झाली की मी सांगेन. म्हणजे, लिहीन.

पुढे मॅनेजर गेला, गाडी गोदामात सडली, आणि खाणीनं भंगार काढलं तेव्हा बाबांनी ती बैलगाडीवर घालून आंबागडला आणली. आल्या आल्या खोळ ओरबाडून फेकली आणि दोन्ही हातांनी चाक धरून बसले. आई म्हणाली, "गाडी त चालत नाई, मंग चक्का कायले धरून बसले जी?" बाबा म्हणाले, "चालवाले नाई आणली. धराले आणली." तू तेव्हा सहावीत होतीस, दारात उभी होतीस. मी ते वाक्य नंतर दीडशे सभांत सांगितलं आणि प्रत्येक सभेत टाळी घेतली. पण ते टाळीसाठी नव्हतं.

गाडी मी चालती केली, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत दर वर्षी पुढे काढली. एकच गोष्ट राहिली. त्या बंगल्याचं आता लग्नाचं लॉन झालं आहे. फाटक दिवसभर सताड उघडं असतं. कोणीही आत जातो, पंगतीला बसतो. मला त्या फाटकातून मेंडकी स्वतःच्या हातानं आत वळवायची आहे, पोर्चमध्ये बाबा बादली घेऊन उभे राहायचे तिथे थांबायचं आहे आणि एकदा हॉर्न वाजवायचा आहे. बस. भाषण नाही.

पण हात असा, आणि स्टेअरिंग फार जड चालतं. तुमसरचा परसराम मिस्त्री म्हणतो, हलकं करून घ्या, सामान पुण्यातच मिळेल. जुन्या गाड्यांच्या दुकानात जाऊन एवढंच सांग, हलकं स्टेअरिंग पाहिजे. गाडीचं मॉडेल मागच्या पानावर लिहिलं आहे.

उत्तर कागदावरच दे. मी मोठ्यानं वाचतो, तेवढाच जिभेला व्यायाम.

तुझा
प्रफुल्लभाऊ


पुणे
३ फेब्रुवारी २०२४

प्रिय भाऊ,
जयभीम.

हे पत्र तू मोठ्यानं वाचतो आहेस, म्हणून स जपून वापरते. बघ, सुरुवातीलाच तीन आले.

तुझं पत्र नातीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजी, खोळ कशाला? चाकाला थंडी वाजायची का?" मी म्हटलं, हो हो. हे "हो हो" तू मोजू नकोस.

मी इतकी वर्षं नर्सची नोकरी केली, त्यामुळे खोड जात नाही. सहज विचारते. जीभ आरशात बघ. तोंडात नुसती पडलेली असताना तिच्यावर बारीक थरथर दिसते का, कातडीखाली मुंग्या चालल्यासारखी? पाणी पिताना ठसका लागतो का? काही नसेल, थंडीचंही असतं. पण नागपूरला एकदा मेंदूच्या डॉक्टरला दाखवून ये. गुडघ्याचं ऑपरेशन झालं नसतं तर मीच आले असते. प्रतिक्षाला घेऊन जा. एकटा एसटीनं निघशील, मला माहीत आहे.

तुझं काम झालं. जावयाला घेऊन तीन दुकानं फिरले. शेवटच्या दुकानदाराला मेंडकीचा फोटो दाखवला तर तो खुर्चीतून उठलाच. म्हणाला, "मावशी, ही भंडाऱ्यात आहे? आणि चालते?" मी म्हटलं, चालते म्हणजे, मिरवते. हलकं स्टेअरिंग पाहिजे म्हटल्यावर त्यानं काढून दाखवलं. तुझ्या जुन्या चाकापेक्षा चांगलं चार बोटं लहान, काळं चामडं मढवलेलं, आणि हातात घेतलं तर आपल्या भाकरीच्या तव्यापेक्षा हलकं. तो म्हणाला, या गाड्यांचं मूळ चाक मांडीवर येतं, हौशी लोक सगळे हेच लहान बसवतात, उतरता-चढता सोपं जातं. बसवायला लागणारा मधला तुकडाही सोबत दिला आहे. कुरिअर केलं.

बाबा त्या चाकाला धरून बसलेले मला आठवतात. त्यांच्या नखांत काळं ग्रीस होतं आणि आई त्यांना जेवायला तीनदा हाका मारत होती.

नागपूरला जा. तारीख कळव.

तुझी
रत्ना


आंबागड
२१ फेब्रुवारी २०२४

रत्ना,
जयभीम.

खोकं आलं. उघडलं. प्रतिक्षा म्हणाली, "बाबा, हे त लेकराच्या सायकलचं दिसते." परसराम पोट धरून हसला.

बाई, मी हलकं लिहिलं होतं. लहान नव्हतं लिहिलं! ड्रायव्हरच्या तोंडी हलकं म्हणजे सहज फिरणारं. वजनाचं हलकं कोण मागतो? मी काय चाक डोक्यावर घेऊन मिरवणार होतो? मला खालचं सामान पाहिजे होतं. गुटके, बुश, जे काय झिजलं असेल ते. चाक तेच ठेवून.

आणि तू पाठवलंस त्यानं उलटंच होणार. आपल्या मोहल्ल्यातला हातपंप आठव. दांडा मोडला आणि पंचायतीनं अर्धा कापून बसवला, तेव्हा बायकांना किती जोर लागायचा? शेजारची मालनबाई, आपली आई, दोघी त्याला लटकायच्या अक्षरशः. चाकाचंही तेच आहे. जेवढं मोठं तेवढं हलकं, जेवढं लहान तेवढं जड. तू वजनानं हलकं पाठवलंस, आणि ते फिरवायला जड निघालं. यावर मी एरवी अर्धा तास बोललो असतो. या देशात आम्हाला जे जे हलकं करून दिलं गेलं ते ते शेवटी आमच्याच खांद्यावर जड होऊन बसलं, असं काहीतरी. आता बोलता येत नाही म्हणून तू सुटलीस.

पण खरा राग वेगळा आहे. तू ते चाक काढायला निघालीस? बाबांना ज्याला हात लावू दिला नाही तेच चाक? ते काढून दुसरं बसवलं तर त्या फाटकातून आत काय जाईल? एक जुनी गाडी. लॉनवाले नवरा-नवरीचा फोटो काढायला भाड्यानं मागतील तसली. आत जायचं आहे ते चाक, रत्ना. गाडी त्याला लागते म्हणून सोबत.

लहान चाक खोक्यात परत ठेवलं आहे. कोणी पुण्याला आलं की पाठवतो.

नागपूरला गेलो नाही. शेतात हरभरा आहे. जिभेवर थरथर आहे, ठसकाही लागतो. कायले विचारत होतीस?

भाऊ


पुणे
६ मार्च २०२४

भाऊ,
जयभीम.

माझी चूक. पण निम्मी तुझीही. जन्मभर पोरांना शब्दांचे अर्थ शिकवलेस, एकेका शब्दावर तासभर बोललास, आणि बहिणीला चार शब्दांत निरोप दिलास. मी पुण्यात कधी गाडी चालवली नाही. हलकं म्हटलं की मला वजनच कळतं. पेशंट उचलून उचलून पाठ गेली माझी.

चाक परत पाठवू नकोस. राहू दे तिथेच.

आता रागावलास तरी लिहिते. गुंडी प्रतिक्षाला लावू दे. तू म्हणतोस, "दुसऱ्याच्या हातानं फिरतं ते चाक आपलं नसतं." हे वाक्य मी लाखांदूरच्या सभेत ऐकलं आहे, भाताच्या बांधावरून माणसं धावत आली होती ऐकायला, आणि मीही रडले होते. पण ते मॅनेजरसाठी होतं, भाऊ. मालकांसाठी, सरकारसाठी होतं. घरच्या पोरीसाठी नव्हतं. ती पोरगी ते ऐकत वाढली. तिला खरंच वाटतं की तुझ्या मदतीला हात पुढे करणं म्हणजे तुझा अपमान.

हरभरा कोणीही काढेल. नागपूरला जा. आता सहज म्हणत नाही. जा.

रत्ना


आंबागड
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय रत्ना,
जयभीम.

अक्षर बघून ओळखलं असशीलच. हे पत्र चार बैठकांत लिहितो आहे.

नागपूर झालं. दोनदा झालं. नाव लांबलचक आहे, ते तुला लिहून सांगायची गरज नाही. जिभेवर मुंग्या दिसतात का विचारलंस तेव्हाच तुला माहीत होतं. त्या "काही नसेल" वर मी तेव्हा विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. रागावलो नाही. डॉक्टर तरुण होता, माझ्याच एका विद्यार्थ्याचा मित्र निघाला. मी विचारलं, औषध? तो खाली बघून लिहीत राहिला. जे लिहिलं ते घेतो आहे. त्यानं काही परत येत नाही, जायचं थोडं हळू जातं म्हणे.

मी आयुष्यभर लोकांना सांगितलं की काहीही अटळ नसतं. जात अटळ नाही, गरिबी अटळ नाही, कोणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. ते खरं आहे. आजही उभं केलंत तर तेच सांगेन. पण हे एक निघालं. आणि याच्याविरुद्ध मोर्चा कुठे न्यायचा ते मला ठाऊक नाही. कोणत्या कचेरीवर?

चौदा एप्रिलला मेंडकी मिरवणुकीत नव्हती. मी चौकात खुर्चीवर बसलो. पोरांनी आग्रह केला म्हणून बोललो. मी बोलायचो आणि प्रतिक्षा शेजारी माईक धरून लोकांना सांगायची. मी "अमता" म्हणालो की ती "समता" म्हणायची. मी "अन्मान", ती "सन्मान". माझ्या तोंडाला आता तिचा स जोडलेला आहे. चांगली बोलते. पुढची पोरं हसली नाहीत. ती हसली असती तर बरं झालं असतं.

आता चाकाचं. तुझ्यापुढे हरलो म्हणून लिहितो. मोठ्या चाकामागे मला बसताच येत नाही. गाडी बुटकी, मी लांब. पूर्वी अंगाची घडी घालून शिरायचो. आता मांडी चाकाखाली अडकते आणि ती उचलून आत घ्यायला दुसऱ्याच्या हाताची गरज लागते. बसलोच तर हात चाकाच्या वरच्या बाजूपर्यंत पोचत नाहीत, खांद्यातून खाली गळतात. पाय मात्र अजून ऐकतात. ब्रेक लागतो, क्लच दाबतो.

म्हणजे असं आहे. मोठं चाक फिरवायला हलकं, पण त्याच्यामागे मी मावत नाही. लहान चाकामागे मावतो, पण ते फिरवायला हातात जोर नाही. परसरामला विचारलं, दोन्हीच्या मधलं काही? तो म्हणाला, "सर, मधलं असतं त मी मिस्त्री कायले झालो असतो, मंत्री झालो असतो."

रोज सकाळी विचार करतो. चाक तेच हवं, की हात माझा हवा? दोन्ही मिळणार नाही. बाबांना दोन्ही मिळालं नाही. त्यांना चाक मिळालं, चालती गाडी मिळाली नाही. मी हात निवडतो. लहान बसवतो आहे.

जुनं चाक शेजारच्या सीटपुढे, पायापाशी ठेवून नेईन. ते आत गेलं पाहिजे. लोक हसले तर हसोत.

भाऊ


पुणे
४ सप्टेंबर २०२४

भाऊ,

तुझं पत्र आलं तेव्हा मी पोळ्या करत होते. उभ्यानं वाचलं. तवा जळला.

हो, माहीत होतं. वॉर्डात अशी माणसं पाहिली होती. पहिल्याच पत्रात तू स गेला म्हणालास आणि मी ते नातीला हसत हसत वाचून दाखवलं, आणि आत जाऊन बसले. तुला काय लिहिणार होते? दुकानात जाऊन निदान एक वस्तू तरी आणता येते म्हणून तीन दुकानं फिरले.

लवकर जा फाटकापर्यंत. थंडीची वाट बघू नकोस. आणि एक ऐक. वळताना हात कमी पडला तर प्रतिक्षाचा घे. तिचा हात तुझाच आहे. तो दुसऱ्याचा नाही.

दिवाळीनंतर काठी घेऊन का होईना, येते.

रत्ना


आंबागड
१७ नोव्हेंबर २०२४

रत्ना,

थोडकं लिहितो. पेन बोटांत बसत नाही, चिंधी गुंडाळून धरला आहे.

चाक बसलं. जुन्याचा मधला नट निघेना. परसरामनं तेल सोडलं, तापवलं, शिव्या घातल्या. निघालं तेव्हा दांड्यावर इतक्या वर्षांची काळी पूड होती. परसरामनं नवं बसवलं ते वाकडं, मी बोट दाखवलं, त्यानं परत काढलं. "सर, बोलता येत नाई तरी गलती काहाडता." हॉर्नचं बटण जुनंच लावलं. वाजतं.

लहान चाकामागे मी बसलो. मावलो. मांडी मोकळी. दोन्ही हात मांडीवर टेकवून चाक खालून धरता येतं. अंगणात चालवली. सरळ जाते. वळायला नको म्हणते. गाडी उभी असताना तर चाक हलतच नाही, हळू चालताना कसंबसं. घराच्या कोपऱ्याला प्रतिक्षानं मधेच हात घातला. मी ओरडलो, "सोड!" तोंडातून "ओड" आलं, पण तिला कळलं. सोडलं तिनं. गाडी पपईच्या आळ्यात गेली. पपई पडली. पण मी वळवली होती, रत्ना. अर्धी तरी.

तुझं वाचलं. तिचा हात माझाच. विचार करतो आहे.

गंमत सांगतो. परवा सकाळी ओसरीत बसलो होतो, थंडी वाजली. मी प्रतिक्षाला म्हणालो, "आत." तिनं "सात" ऐकलं. मान डोलावून गेली आणि मी कुडकुडत बसलो. बरोबर सात वाजता चहा घेऊन आली. मी हसलो तर ठसका लागला.

परसराम म्हणतो, डिसेंबरात लग्नं नसतील असा दिवस पाहू. रस्ता मोकळा.

भाऊ


आंबागड
९ जानेवारी २०२५

आदरणीय आत्याबाई,
सविनय जयभीम.

पत्र माझं आहे. बाबा आता पेन धरत नाहीत. तुम्हाला फोनवर मी ताप आणि कफाचं सांगितलं, पण बंगल्याचं सांगितलं नाही. तुम्ही दोनदा विचारलं आणि मी "झालं, जाऊन आलो" म्हणाले. ते खोटं नव्हतं. जाऊन आलो होतो.

लॉन रिकामं होतं त्या दिवशी सकाळी निघालो. परसरामकाका मोटारसायकलवर पुढे, समोरून कोणी आलं तर थांबवायला. मी बाबांच्या शेजारी. माझ्या पायापाशी जुनं चाक. बाबांनी तो पांढरा सदरा घातला होता, सभेचा. गुंड्या मी लावल्या. त्यांनी लावू दिल्या. मला वाटलं, आज मूड चांगला आहे.

सरळ रस्त्याला गाडी मस्त चालली आत्याबाई. बाबा खाली हात ठेवून चाक नुसतं धरून होते. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं त्यांच्या. मोहफुलाच्या झाडांपाशी दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, एक ओरडली, "अवं माय, मेंडकी! सर हायेत वाट्टे!" बाबांनी हॉर्न दिला. एवढे खूश मी त्यांना खूप दिवसांनी बघितलं.

फाटक दिसलं. उघडं होतं. परसरामकाका आत जाऊन पोर्चपाशी उभे राहिले. बाबांनी गाडी अगदी हळू केली. फाटक डाव्या हाताला आहे, तुम्हाला माहीत आहे, काटकोनात वळावं लागतं. त्यांनी चाक ओढायला सुरुवात केली. मानेच्या शिरा वर आल्या. चाक एवढंसं फिरलं आणि थांबलं. मला राहवलं नाही. मी हात घातला आणि चाक धरलं. फिरत होतं. माझ्या हातानं फिरत होतं. गाडीचं तोंड फाटकाकडे वळायला लागलं होतं.

तेव्हा बाबा ओरडले, "ओड!"

मी सोडलं.

लगेच सोडलं, चटका बसल्यासारखं. चाक आपोआप सरळ झालं. गाडी फाटकाच्या खांबाजवळून पुढे गेली. बाबांनी पुन्हा तेच म्हटलं, जोरात, "ओड, ओड!" मी दोन्ही हात छातीशी धरले आणि म्हणाले, "सोडलं बाबा, सोडलं, हात नाई लावत." ते माझ्याकडे बघत राहिले. गाडी तलावाच्या पाळीपर्यंत गेली. तिथे त्यांनी ब्रेक लावला. ब्रेक चांगला लागला.

परसरामकाका धावत आले. "सर, काहून गेले सामोर? मी घेतो वापस, आत टाकून देतो." बाबांनी मान हलवली, नाही. मी पण काकांना रागावले. "बाबाले दुसऱ्यानं नेलेलं चालत नाई, तुमाले माहीत नाई का?" मला वाटलं मी बाबांच्या बाजूनं बोलते आहे. काकांनी गाडी फिरवली, बाबांना शेजारी बसवलं, मी मागून वाटेत भेटलेल्या एकाच्या मोटारसायकलवर. परतताना फाटक पुन्हा आलं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर सगळ्यांना मी अभिमानानं सांगितलं. हो, अभिमानानं. म्हटलं, आत नाही गेले, पण कोणाचा हात घेतला नाही. चौकातल्या पोरांनी त्याचं पोस्टर करायचं ठरवलं. बाबा खाटेवर पडून ऐकत होते.

दोन दिवसांनी ताप भरला. मग भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. नाकातून नळी टाकली. आता घरी आणलं आहे, पण बसवलं तरी बसत नाहीत, मान सुटते. हात दोन्ही गेले. आवाजही गेला, "ओ"सुद्धा येत नाही. परत फाटकापर्यंत जायचं आता कोणी बोलत नाही.

दवाखान्यातल्या बाईंनी पुठ्ठ्यावर अक्षरं लिहून दिली. मी एकेक अक्षरावर बोट ठेवते, हवं ते अक्षर आलं की बाबा वर बघतात. नको असेल तर डोळे मिटतात. त्यानं ते पाणी मागतात, कूस बदला म्हणतात. तुमचं नावही त्यांनी काढलं. मी म्हटलं, आत्याबाई येणार आहेत. वर बघितलं.

काल दुपारी त्यांनी ओ वर डोळे वर केले. मला कळेना. मी पुढची अक्षरं दाखवत गेले. ढ वर आले आणि त्यांनी वर बघितलं. मग थांबले. मी म्हटलं, "बाबा, सोड? कायले सोड? नळी?" डोळे मिटले. मला वाटलं, ड च्या जागी ढ झाला, अक्षर चुकलं. पुन्हा सुरुवात केली. स वर बोट ठेवलं. डोळे मिटले. पुन्हा स वर ठेवलं. पुन्हा मिटले, घट्ट, आणि बाजूनं पाणी आलं. ओ. वर बघितलं. ढ. वर बघितलं. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. दारातून अंगणात मेंडकी दिसते.

आत्याबाई, मी वर्षभर त्यांच्या प्रत्येक शब्दाला स लावत आले. लोक म्हणायचे, पोरगी बापाचं बोलणं बरोबर ओळखते. त्या दिवशी फाटकापुढेही मी लावला.

त्या शब्दात स नव्हताच.

तुमची
प्रतिक्षा